तिसऱ्या ओळीत अवेट नाही

कारधा,
१२ जानेवारी २०२६

प्रिय अतुल,

तुले अन् आईले जय भीम. आम्ही दोघं इथं बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. थंडी बम पडली आहे. नदीकडून असा वारा येतो की दार लावलं तरी फटीतून आत घुसतो. तू स्वेटर घालतो का? मोजे? अन् पाणी? थंडीत तहान लागत नाही म्हणून तू ग्लासाकडं पाहत नाही, अन् मंग तुझ्या रक्तातला सिकलसेल आपला हिसका दाखवतो. गोळी चुकवू नको. हे सगळं तुले पाठ आहे, मले माहीत आहे, तरी लिहिते. मोठ्या बहिणीले एवढा हक्क असते.

डब्यात सांबारवडी आहे. संघपाल ड्युटीवर जाता जाता देईल. वरठीले रोज जायचंच आहे, प्लांटच्या रस्त्यावरच तुमचं घर आहे, तरी डबा दिला की माझा हा नवरा असं तोंड करतो जसं काही मी त्याले सिमेंटची गोणी उचलायले लावली. चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घातली आहे. मागच्या वेळी तेल लागून अर्धा धडा वाचताच आला नाही, अशी तुझी तक्रार होती.

तू म्हणशील, ताई, फोन आहे ना घरात. आहे. पण फोनवर मले शिकवता येत नाही. तू मधामधात "हो हो, समजलं" म्हणतो अन् तुले काही समजलं नसते. अन् आपलं हे जुनंच आहे. लहानपणी तू वॉर्डात भरती असला की मी डब्यात पोळ्यांच्या वर चिठ्ठी ठेवायची, सिस्टर ती आधी वाचून हसायच्या अन् मंग तुले द्यायच्या. आता मी घरी बसून नागपूरच्या कंपनीचं प्रोग्रामिंग करते अन् तू ते शिकून राहिला, एवढाच फरक. प्लांटातली अंगमेहनत तुले झेपत नाही, बसून करायचं काम पाहिजे, तं हे शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यामुळं नखरे न करता वाच.

तुझा प्रश्न असा की असिंक, म्हणजे उशिरा उत्तर देणारं, फंक्शन बोलावलं तं उत्तर हातात काहून येत नाही, "प्रॉमिस, पेंडिंग" असं काहीतरी काहून छापून येते. अबे, येणारच. असं समज, मी गॅसवर चहा ठेवला. साखर नाही. संघपालले म्हटलं, दुकानातून साखर आण. तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणतो, "आणतो." आता माझ्या हातात काय आलं? साखर आली का? नाही. "आणतो" आलं. नुसता शब्द. तो शब्द म्हणजे तुझा प्रॉमिस. मी घाईघाईत तोच शब्द उचलून चहात टाकला तं चहा गोड होईल का? तुझा प्रोग्राम तेच करून राहिला आहे, शब्द चहात टाकून राहिला आहे, अन् तू म्हणतो, गोड काहून लागत नाही!

अवेट, म्हणजे 'वाट पाह्य', लावला की तू त्या ओळीले सांगितलं, साखर हातात येऊ दे, मंग पुढं जा. बस, एवढंच.

पण एक गोष्ट तू उलटी समजून बसला. तुले वाटते, अवेट लावला की सगळा प्रोग्राम ठप्प होतो. नाही रे. चहा थांबतो, घर थांबत नाही. कुकरची शिटी होते, शेजारच्या शकुंतलाबाईंची मालिका चालू राहते, पुलावरून ट्रक जात राहतात. ज्या फंक्शनमध्ये अवेट लिहिला तेवढंच एक फंक्शन बाजूले सरकून उभं राहते अन् बाकीच्यांले रस्ता देते. साखर आली की जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू. थांबणं वेगळं अन् वाट पाहणं वेगळं, असं वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

अन् प्रॉमिस हा शब्द इंग्रजी आहे म्हणून घाबरू नको. आपल्या घरात तो रोजचा आहे. आपण घरातून निघताना "जातो" म्हणतो का कधी? "येतो" म्हणतो. आईनं मारून मारून शिकवलं हे. आठवते का, तुले ती मोठी कळ आली होती, चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं, धड शुद्ध नव्हती, तरी दारातून जाताना तू "येतो माय" म्हणाला होता. आई तेवढ्या एका शब्दावर वॉर्डाबाहेर बसून होती. माणूस आलेला नाही, पण येतो म्हणून गेला आहे, हे झालं पेंडिंग. आला, की पूर्ण झालं. तिसराही एक प्रकार असते, रिजेक्ट. तो आज नको. पुढच्या वेळी सांगीन.

आता या चार ओळी उतरवून घे. कॉम्प्युटरवर इंग्रजीत लिहायच्या, इथं तुले अर्थ कळावा म्हणून मराठीत लिहून देते.

साखर = अवेट दुकानातूनआण()
चहा = अवेट चहाकर(साखर)
रिपोर्ट = नागपूरहूनआण()
सगळ्यांलेसांग(रिपोर्ट)

आधी काय होईल अन् मंग काय होईल, ते मले लिहून पाठव. डबा रिकामा पाठवू नको असं आईले सांगायची गरज नाही. काही नसलं तं ती चिमूटभर साखर टाकते, पण रिकामा डबा तिच्या हातून जात नाही.

बाकी नवीन काही नाही. मले जरा झोप कमी येऊन राहिली आहे. फोन वाजला की हातातलं टाकून धावते. काम वाढलं आहे कंपनीचं, त्यामुळं असेल. आईले सांगू नको, उगाच डोकं खाईल.

तुझी, कामात बुडालेली,
रुचिता ताई



कारधा,
१६ जानेवारी २०२६

अतुल, जय भीम.

मोठा आला मास्तर! मी तुले शिकवते का तू मले? डब्यात चिंच, चिंचेखाली चिठ्ठी, अन् चिठ्ठीत ना जय भीम, ना सांबारवडी कशी झाली होती ते. सरळ: "ताई, तिसऱ्या ओळीत अवेट नाही. अन् नागपूरहून कायचा रिपोर्ट?"

मी काय लिहून बसली ते मलेच माहीत नव्हतं. मले संत्री लिहायची होती रे. नागपूरहून दुसरं काय आणतात! मनात चोवीस तास तेच चालू असलं की हात तेच लिहून जातो. त्या दिवशी कंपनीच्या कामातही एका ठिकाणी तोच शब्द लिहून ठेवला होता, साहेबांनी विचारलं, हे काय मॅडम. मी म्हटलं, टायपिंग मिस्टेक.

आधी तुझं पहिलं. बरोबर पकडलं तू. तिसऱ्या ओळीत अवेट नाही, म्हणून चौथी ओळ रिपोर्टची वाटच पाहणार नाही. ती सगळ्यांले सांगायले धावेल, अन् सांगेल काय? "येऊन राहिला." एवढंच. हातात दुसरं काही नाहीच ना तिच्या. शाबास. परीक्षेत हा प्रश्न आला तं सोडू नको.

आता दुसरं.

लाईट गेली होती, आली. शकुंतलाबाई दही मागायले आल्या होत्या, बसल्या, गेल्या. आता कोणी येणार नाही अन् मले काही बहाणाही उरला नाही, तं सांगते.

मले दिवस गेले आहेत. चौथा महिना सरत आला. तू मामा होणार आहे. हे असं तेलकट डब्यातून सांगायचं नव्हतं मले, पेढे घेऊन यायचं होतं, आईच्या पाया पडायचं होतं. पण पेढे आणायची हिंमत झाली नाही. काहून ते तुले सांगायची गरज नाही, तरी लिहिते.

लोक लग्न जमवताना पत्रिका पाहतात, आपल्या आईनं सिकलसेलचं कार्ड पाहिलं. तुझं लाल, म्हणजे आजार. माझं पिवळं, म्हणजे आजार नाही पण रक्तात दडून बसलेला. संघपालचंही पिवळं. दोन पिवळे जमले की लाल निघू शकतो. आईचं पिवळं, बाबांचं पिवळं, अन् तू निघाला. आई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "जे मी एका लेकराचं पाह्यलं ते तुले पाहू देणार नाही. दुसरा पोरगा पाह्य." तिच्यासमोर बोलायची माझी हिंमत नव्हती. तू बोलला. "आई, आता पोटातच तपासता येते. करू दे तिले लग्न." तुझ्या तोंडून आलं म्हणून आई तयार झाली. तुझ्यामुळं माझं लग्न झालं अन् जिलेबीही तूच सगळ्यात जास्त खाल्ली.

तपासता येते. त्या वाक्याचा मी तेव्हा विचारच केला नाही. तपासून मंग काय करता येते, हे मी विचारलं नाही अन् तूही बोलला नाही. आपण दोघं जिलेबी खात बसलो.

नागपूरले जाऊन आलो आम्ही. तुम्हांले सांगितलं होतं ना, संघपालच्या मावशीकडं लग्न आहे, ते खोटं होतं. दवाखान्यात पोटात सुई घालून आतलं पाणी काढून घेतलं, ते तपासायले दिलं आहे. दुखलं नाही फारसं. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, त्यांनी हळूहळू समजावलं: पांढरं, म्हणजे काहीच नाही, निघू शकते, पिवळं निघू शकते, अन् चारांत एकदा लाल. येत्या बुधवारी रिपोर्ट आहे. त्यांनी अजून एक गोष्ट विचारली होती. ते राहू दे.

तेव्हापासून मी वागते सगळं बरोबर. काम करते, भाजी निवडते, संघपालशी भांडते. तो बिचारा तं निरा मुका झाला आहे, भांडण पण पूर्ण करत नाही. रिपोर्ट जर खरा

वरचं खोडलं आहे, वाचू नको. तो शब्द मी तुले लिहू शकत नाही. "रिपोर्ट लाल आला तं" असं वाच.

रिजेक्ट, म्हणजे दिलेला शब्द मोडणं, त्याचं सांगायचं राहिलं होतं. कान देऊन ऐक, परीक्षेत यावर सगळे आपटतात. एखाद्या कामात गडबड होऊ शकते असं वाटलं की आपण ते "ट्राय" मध्ये लिहितो अन् खाली "कॅच" लिहितो. प्रयत्न अन् पकड. वर काही बिघडलं की खालचा झेलतो. लोकांले वाटते, पकड लिहिली म्हणजे झालं. नाही! असिंक कामापुढं अवेट नसला तं पकड कामाची नाही. "आणतो" शब्द मिळाला, ओळ पुढं गेली, प्रयत्न संपला, पकड आवरून घरी निघून गेली. अन् मंग काही वेळानं दुकानातून निरोप येतो, साखर नाही. तो निरोप झेलायले तिथं कोणीच नसते. जो वाट पाहत थांबला, तोच झेलू शकतो.

हे मी कंपनीत नव्या पोरांले धडाधड शिकवते. अन् स्वतः काय केलं? कोणाले म्हणजे कोणाले सांगितलं नाही. बुधवारी काही झालं तं मी अन् मुका संघपाल, बस. म्हणून माझ्या हातानं ते तुझ्या धड्यात लिहिलं असेल. तू पकडावं म्हणून. मले मरणाची भीती वाटून राहिली आहे अतुल.

संघपाल म्हणाला, तू त्याले दारातच सांगितलं की काही का असेना, नागपूरले मी पण येतो. तुले अजून माहीतही नव्हतं कायचं आहे ते. नको येऊ. पहाटेची बस, गार वारा, तुले बाधेल. आईले मात्र तू सांग. मी सांगितलं तं ती आधी शिव्या देईल अन् मंग रडेल, तू सांगितलं तं नुसती रडेल.

अन् येशीलच, तं कानटोपी घाल अन् गरम पाण्याची बाटली घे. गृहपाठ म्हणून प्रयत्न अन् पकड वापरून एक छोटा प्रोग्राम लिही, कायचाही लिही. तेवढाच तुझ्या अन् माझ्या डोक्याले चाळा.

तुझी भित्री ताई,
रुचिता



कारधा,
२३ जानेवारी २०२६

प्रिय अतुल,

जय भीम. तू बरा नाहीस हे मले माहीत आहे, त्यामुळं कसा आहे ते विचारत नाही.

परवा रात्री आईले फोन केला. म्हणाली, "कळ नाही, ताप नाही, नुसता भिंतीकडं तोंड करून पडला आहे." काल डबा परत आला तो रिकामा. आजही रिकामा. धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेलं. आईले वाटलं तू भरला, अन् तू तसाच संघपालच्या हातात दिला. रिकामा डबा ओट्यावर ठेवून मी त्याच्याकडं पाहत बसली होती.

बुधवारचं सगळं मले पुन्हा लिहायचं आहे. तू तिथंच होता, तरी लिहायचं आहे. कारण तू तिथं होता हे मी त्या दिवशी विसरली होती.

बसमध्ये तू किती हसवलं आम्हांले. पोट्ट्याचं नाव प्रॉमिस ठेवू, पोट्टी झाली तं असिंका. संघपालही हसला, कितीक दिवसांनी. आई खिडकीशी बसून डोळे मिटून पुटपुटत होती अन् मधेच तुले म्हणत होती, "कानटोपी खाली ओढ." तू मले एक घडी केलेला कागद दिला. "गृहपाठ. आत जायच्या आधी पाह्य." मी म्हटलं, "पाहते." पर्समध्ये टाकला.

मंग दवाखान्यातलं ते दालन, तो बाक, अन् आपल्यासारखेच बसलेले लोक. किती जणांच्या हातात लाल कार्ड होतं. तू माझी पर्स मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरबाईंनी आत बोलावलं, रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "पिवळा आहे. वाहक. आजार नाही." मले काही ऐकूच आलं नाही नीट, संघपालनं हात एवढा दाबला की बांगडी रुतली. आई बाहेर दारातच उभी होती. तिनं माझं तोंड पाहिलं अन् मोठ्यानं ओरडली, "लाल नाही! लाल नाही बाई!" सगळ्या दालनानं ऐकलं. मी रडली, आई रडली, आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. तू पर्स घेऊन उभा होता. हे मले आता दिसून राहिलं आहे. तेव्हा दिसलं नाही.

आमच्या घरी आल्यावर आईनं पेढ्यांचा पुडा उघडला अन् पहिला पेढा कोणाच्या तोंडात घातला? तुझ्या. "घे रे बाबू, सुटलो आपण." तू खाल्ला. अजून एक मागितला. हसला. अतुल, तुझं हसणं मी वॉर्डात वाढवलेलं आहे. कळ लपवायची असली की तू आधी हसतो अन् मंग भिंतीले टेकतो. तू भिंतीले टेकला होता. मी ते पाहिलं अन् तरी दुसरा पेढा हातात घेतला, कारण मले त्या दिवशी आनंदातून बाहेर यायचंच नव्हतं.

अन् मंग संघपालच्या गाडीवर मागं बसताना, आईले मधे घेऊन, कानटोपी ओढून, तू म्हणाला, "जातो ताई."

मी दारात उभी होती. मले वाटलं मी चुकीचं ऐकलं. गाडी पुलावर चढली तरी मी तिथंच. इतक्या वर्षांत, जीपमध्ये घालून नेताना, नाकात नळी असताना, तू "येतो" सोडून दुसरं कधी म्हणाला नाही. आईनंही ऐकलं असेल. ती काही बोलली नाही म्हणजे ती आनंदात किती बुडाली होती पाह्य.

आज दवाखान्याची पावती शोधायले पर्स उघडली अन् तुझा गृहपाठ सापडला.

प्रयत्न
बसमध्येबस()
उत्तर = ताईलेविचार("लाल आला तं?")
घरीये(उत्तर)
पकड
हसूनदाखव()

मी तो तीनदा वाचला.

म्हणजे बसमध्ये नावं ठेवत होता तेव्हा हा कागद माझ्यापाशी होता. दालनात पर्स मांडीवर धरून बसला होता तेव्हा तुझा प्रश्न तुझ्याच मांडीवर होता, अन् तू समजत होता की ताईनं वाचला अन् ताई गप्प बसली. अन् मंग आई ओरडली, लाल नाही. अन् तू पकडमध्ये लिहिलं होतं तेच केलं. हसून दाखवलं.

अतुल, मी वाचला नव्हता रे. आईची शपथ. "पाहते" म्हटलं अन् विसरली. मी तुले "पाहते" दिलं, अन् तू तेच घेऊन घरी गेला.

आता उत्तर. बस, डॉक्टर, पेढे, कोणाच्याही मागं न लपता लिहिते. डॉक्टरबाईंनी सुईच्या दिवशी विचारलं होतं, लाल आला तं पुढं ठेवायचं की नाही, ते आतापासून बोलून ठेवा. संघपालनं माझ्याकडं पाहिलं. अन् मी मान हलवली. नाही म्हणून. लगेच हलवली, विचार केला नाही.

मान हलवताना मी तुझा विचार केला नव्हता. मी वॉर्डाचा विचार केला होता, त्या नळ्यांचा, तू उशी चावायचा तिचा, आईच्या तोंडाचा. मी कळा नको म्हटलं. तुले नको नाही म्हटलं. पण पोटातल्या पाण्यात ते दोन वेगळे करता येत नाहीत, कळा बाजूले काढून अतुल ठेवून घ्या असं कोणी करून देत नाही, हे मले नंतर, रस्त्यात, बसमध्ये समजलं. तेव्हापासून मले झोप नाही. रिपोर्टची भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही होती की तू एक दिवस हेच विचारशील. तुले कसं सांगू, की ज्याच्या सांगण्यावरून माझं लग्न झालं, ज्याच्याशिवाय मले माझं लहानपण आठवतच नाही, त्याच्यासारखं लेकरू नको म्हणून मी मान हलवून आली?

लाल आला असता तं काय केलं असतं? मले माहीत नाही. बुधवारी आत जाताना माझी मान तीच राहिली असती का, मले खरंच माहीत नाही. गोड उत्तर पाहिजे असेल तं माझ्यापाशी नाही. पिवळा आला म्हणून मी वाचली, पण उत्तरापासून वाचली नाही. तू रागाव. शिव्या दे. आईले सांग. "मी खराब रिपोर्ट आहे का?" असं विचार. घे, लिहिला तो शब्द, खोडत नाही. तू खराब रिपोर्ट नाहीस रे, तू माझा भाऊ आहेस. हे मले मान हलवताना आठवायले पाहिजे होतं, अन् आठवलं नाही.

गृहपाठ तपासला. बाकी सगळं बरोबर आहे, प्रयत्न बरोबर, पकड बरोबर, नावं चांगली ठेवली. चूक एकच. तिसऱ्या ओळीत अवेट नाही. तू विचारलं, अन् उत्तराची वाट न पाहता घरी निघून गेला.

मले आधी वाटलं विसरला असशील. पण माझ्या चिठ्ठीतली तीच चूक तूच पकडली होती. तुले नियम पक्का येते. तू मुद्दाम लावला नाही, ताईले अडकवायचं नाही म्हणून. लहानपणीही तू असाच होता, वॉर्डात माझा हात धरायचा अन् मी शाळेत जायची वेळ झाली की स्वतःच सोडायचा.

मी माझ्या पेनानं अवेट लावून कागद परत पाठवून राहिली आहे. पाह्य, हिरव्या शाईत आहे. आता ती ओळ पुढं जाणार नाही. इकडं घर चालूच राहील, संघपाल ड्युटीवर जाईल, मी काम करीन, जेवीन, पोटातल्या पिवळ्यासाठी झोपायचा प्रयत्न करीन. कोणाले दिसणारही नाही. पण माझ्यातली तेवढी एक ओळ तुझ्या दारात उभी आहे. तू उठ, रागात उठ तरी चालेल, अन् काय बोलायचं ते बोल. गोड नको. खरं बोल. मी झेलीन.

आईले हे वाचून दाखवायचं असेल तं दाखव. पाणी पी. गोळी घे.

तुझी वाट पाहत,
ताई

ता. क. उद्याचा डबा रिकामा पाठवू नको. दुसरं काही नसलं तं एका कागदावर "येतो" एवढं लिहून टाक.